मास्तरांची सही मी आणली

मास्तरांना नाट्यगृह समितीनं फसवलं. त्यासाठी मास्तरांची सही लागत होती, ती समितीला मी आणून दिली. म्हणजे फसवणारे ते आणि त्या फसवणुकीचा हमाल मी. हे आधीच लिहून टाकतो. संपादकांनी माझ्याकडे पडदेवाल्याच्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती सांगता सांगता मूळ मुद्दा टाळायची कला माझ्या धंद्यात पहिली शिकावी लागते. गिऱ्हाईक हसत राहिलं की घासाघीस कमी करतं. गमती सांगेन, पण मुद्दा टाळणार नाही.

मास्तर म्हणजे नाटककार वामन फणसोपकर. मुंबई-पुण्याचे लोक त्यांना वामनराव म्हणत. इथे रत्नागिरीत ते मास्तर, कारण हायस्कुलात त्यांनी सबंध नोकरी मराठी शिकवण्यात घालवली आणि एवढं नाव झालं तरी हे गाव सोडलं नाही. मी शिवराम. नेपथ्य भाड्यानं देतो. रंगमंचावर जे दिसतं पण बोलत नाही ते सगळं माझं: पडदे, झालरी, विंगा, खोटी दारं, खिडक्या, सिंहासन, झोपाळा, तुळशीवृंदावन. आता धंदा मुलगे बघतात, मी त्यांच्या चुका बघतो.

बाहेरच्याला वाटतं यात काय, कापडच तर आहे. कोकणात येऊन एक पावसाळा कापड सांभाळून दाखवावं. खारी हवा आणि ओल, दोन्ही मिळून रंगवलेला पडदा आतून खातात. पडदा कधी घडी घालून ठेवायचा नाही, बांबूवर गुंडाळायचा, नाहीतर घडीवर रंग तडकतो आणि जंगलाच्या मधोमध रस्ता दिसतो. मधूनमधून कडुनिंबाचा पाला घालायचा. एवढं करून मंडळाचे लोक येणार आणि म्हणणार, जुनाच दिसतो की हो. मग माझं डोकं फिरणार. ते फिरलं की भाडं वाढतं, हे आता तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे.

गिऱ्हाइकं एकेक असतात. आंजर्ल्याच्या एका मंडळाला समुद्राचा पडदा हवा होता. मी जागा बघायला गेलो तर रंगमंचाच्या मागे पन्नास पावलांवर समुद्र. म्हटलं, मागची बाजू मोकळी ठेवा, पडदा कशाला. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "हा समुद्र आमी रोज बघतो. नाटकातला वेगळा पायजे." मला त्याचं म्हणणं पटलं. पडदा दिला, भाडंही ताणलं नाही. संगमेश्वराकडच्या एका वाडीत राजाचं काम करणारा प्रयोग संपल्यावर सिंहासनावरून उठेना. भाडं सकाळपर्यंतचं दिलंय म्हणाला. मी आणि ड्रायव्हरनं तो बसलेला असतानाच सिंहासन उचललं आणि टेम्पोपर्यंत नेलं. प्रजा दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत होती. तो शेवटपर्यंत ताठ बसून राहिला, एवढं मानलं पाहिजे.

माझी सुरुवात चिपळूणच्या पुरात झाली. हातखंब्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला मी, सातवी शिकलेला, मिळेल ते काम करत होतो. एक फिरती नाटक मंडळी चिपळुणात मुक्कामाला असताना वाशिष्ठी आत शिरली आणि त्यांचे पडदे दोन दिवस चिखलात राहिले. मालक ते टाकून निघाला होता. मी कापड म्हणून घेतले, धुऊन शेतकऱ्यांना ताडपत्रीसाठी विकायचे म्हणून. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात दोऱ्या बांधून वाळत घातले. जंगल, रस्ता, देऊळ, आणि एक राजवाडा. राजवाड्याचे रंग ओघळले होते. खांब मेणबत्तीसारखे वितळलेले दिसत होते.

संध्याकाळी वाळूतून एक किडकिडीत गृहस्थ आले, हातात चपला. राजवाड्यासमोर उभे राहिले ते हलेचनात. मी म्हटलं, काय बघताय. ते म्हणाले, "हा राजवाडा रडतोय का रे?"

"रडत नाही, पुरात भिजलाय. धुतला की सरळ होईल."

"धुऊ नकोस. मला नाटकासाठी असाच दे."

मी त्याच क्षणी धंदा बदलला. मनातल्या भाड्याच्या तिप्पट सांगितलं, कारण पुढे घासाघीस होणार हे धरलं होतं. ते म्हणाले, बरं. नुसतं बरं. कुस्तीला दंड थोपटून उभं राहावं आणि समोरच्यानं पाया पडावं तसं झालं. मग मी एकटाच स्वतःशी घासाघीस करत बसलो आणि त्यांच्या देखत भाडं खाली खाली आणलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. मास्तर वाळूत बसून हसत होते.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक नाटकाचं नेपथ्य माझं. मी भाड्याची पत्रं पाठवायचो ती ते लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवत. हा लेख तुम्हाला वाचता येतोय तो त्या लाल शाईमुळे.

आता नाट्यगृहाबद्दल. नाव भारी होतं, पण सगळं गाव त्याला मांगर, म्हणजे गोठा, म्हणायचं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खाली उतरती जमीन, लाकडी बाकं. रंगमंच सागवानी फळ्यांचा आणि खालून पोकळ. गावातल्या जुन्या नाट्यमंडळानं ट्रस्ट करून बांधलेलं, मास्तरांचे काका त्यात होते, पुढे मास्तरही. दिसायला खरंच मांगर, गवत भरलं असतं तर कोणाला आश्चर्य वाटलं नसतं. पण तिथे रंगमंचावर कुजबुजलेलं शेवटच्या बाकावर ऐकू येत असे. माईक कधी लागला नाही. चिऱ्यामुळे म्हणा, पोकळ फळ्यांमुळे म्हणा, बांधणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. जमून गेलं होतं.

मास्तर सुट्टीच्या सकाळी रिकाम्या मांगरात जात आणि रंगमंचावर येरझाऱ्या घालत वाक्यं बोलून बघत, मग लिहीत. तालमी सुरू झाल्या की ते शेवटच्या बाकावर बसत, डोळे मिटून. एखादं वाक्य पोचलं नाही तर नटाला मोठ्यानं बोल म्हणत नसत. ते वाक्यच कापत. मुंबईचा एक नावाजलेला नट एकदा यावरून तापला. त्याचं एक लांबलचक वाक्य मास्तरांनी तीनदा ऐकलं आणि कापलं. तो म्हणाला, मी चढ्या आवाजात बोलतो ना. मास्तर म्हणाले, "ओरडून वाक्य पोचत नाही, आदळतं." आमचा स्थानिक नट राजाराम विंगेत माझ्याजवळ येऊन समाधानानं म्हणाला, "माझा डायलाग कापलानी तेव्हा मला वाटलं मीच वाईट. आता बरं वाटतंय."

या शेवटच्या बाकाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचं पहिलं नाटक मुंबईत झालं, मोठ्या थिएटरात. आई रत्नागिरीहून एसटीनं गेली होती. निर्मात्यानं तिला शेवटच्या रांगेत बसवलं आणि लाजून मास्तरही तिच्याजवळ बसले. पुढचं काही ऐकू येईना. आजूबाजूचे एकमेकांना विचारत होते, काय म्हणाली, काय म्हणाली. नाटक संपल्यावर आई म्हणाली, "बरं होतं रे वामन. माणसं छान दिसत होती." त्यानंतर त्यांचं प्रत्येक नाटक आधी मांगरात झालं. मुंबईचे निर्माते कुरकुरत घाट ओलांडून येत, कारण नाटक हवं असेल तर दुसरी वाट नव्हती.

शेवटच्या बाकावर मास्तर एकटे नसत. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दाराशी हलिमाबी. ती मिरकरवाड्याची, मासे विकायची, मच्छीचा वास येतो म्हणून लोक नाक मुरडतील असं वाटून दाराजवळ बसायची. मास्तर तिच्यासाठी तालमीलाही जागा ठेवत. एका नाटकात म्हातारा मरताना पाऊण पान बोलत होता. हलिमाबी म्हणाली, "मास्तर, तुमचा म्हातारा मरताना किती बोलतो. आमच्यात माणूस मरताना पाणी मागतो." मास्तरांनी पाऊण पान खोडलं आणि लिहिलं, पाणी दे. पुढे पुण्याच्या समीक्षकांनी त्या एका वाक्यावर लेख लिहिले. हलिमाबीला मी ते सांगितलं तर म्हणाली, मग त्यांनी काय वेगळं ऐकलं होतं?

माझं काम एवढंच की ऐकू आलं का, हे सांगायचं. मास्तर डोळे उघडून माझ्याकडे बघत. मी मान हलवली की वाक्य राहिलं, नाही हलवली की गेलं. नाटकातलं मला कळतं असं मी कधी म्हटलं नाही. पण खोटी मान मी हलवत नाही, हे त्यांनी पहिल्याच नाटकात ओळखलं. मी जगाशी भांडतो, घासाघीस करतो, दहा सांगून सातवर येतो. शेवटच्या बाकावर मात्र माझा भाव एकच असे. माझ्या सबंध कमाईत मला अभिमान वाटावा अशी गोष्ट तीच.

मग मांगर म्हातारं झालं. वाळवी लागली, छपराची एक कैची तडकली, धोकादायक इमारत म्हणून नोटीस आली. नवं नाट्यगृह बांधायला समिती झाली. अध्यक्ष विनायकशेट, मास्तरांचेच विद्यार्थी. अडचण एकच होती. जुन्या ट्रस्टमधले हयात असलेले एकटे मास्तर होते आणि ते सही देईनात. दुरुस्ती करा म्हणत. दोन वर्षं गेली. शेवटी विनायकशेट माझ्याकडे आले. म्हणाले, शिवरामभाऊ, मास्तर फक्त तुमचं ऐकतात.

इथे मी माझाही स्वार्थ लिहितो. मांगराचं मागचं दार एवढं अरुंद होतं की तीस वर्षं मी माझे पडदे खिडकीतून आत घेतले. बायकांना कपडे बदलायला चटईचा आडोसा. मला नवं नाट्यगृह हवं होतं. मी समितीशी बसलो आणि सौदा असा केला की मला स्वतःला मजा आली. टेम्पो थेट रंगमंचापर्यंत यावा. बायकांची वेगळी खोली, तिला न्हाणीघर. हौशी मंडळांना गणपतीनंतरचे दिवस सवलतीत. सगळं लिहून घेतलं, अठरा कलमं. नकाशात उतरती बैठक होती ती बोट ठेवून बघितली.

कलमं घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी वाचली, दोन शब्द लाल शाईनं दुरुस्त केले आणि म्हणाले, "सगळं आहे. शेवटचा बाक कुठे आहे?"

"म्हणजे?"

"माईकशिवाय शेवटपर्यंत ऐकू यायला हवं. ते लिहून आण, सही देतो."

मी परत समितीत. त्यांचा इंजिनीयर म्हणाला, आवाज कागदावर कसा लिहिणार. मी आवाज चढवला. तेव्हा विनायकशेटनी मला शांत केलं आणि स्वतःच सुचवलं. एकोणिसावं कलम घालू. बांधून झाल्यावर मास्तर शेवटच्या रांगेत बसतील. ऐकू आलं असं त्यांनी सांगितलं तरच काम पुरं झालं असं धरू. नाही म्हणाले तर छत उतरवून परत करू.

समोरचा जेव्हा तुमच्या फायद्याची अट आपणहून सुचवतो तेव्हा उठून घरी यावं, हे मी माझ्या मुलांना पन्नासदा सांगितलं आहे. मी मात्र उठलो नाही. मला वाटलं, मी जिंकलो. त्याच संध्याकाळी मास्तरांनी सही केली. माईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, मला घावने खायला घातले.

मांगर पाडलं तेव्हा मी गेलो नाही. नवं उभं राहायला तीन वर्षं लागली. त्या काळात मास्तरांनी शेवटचं नाटक लिहून पुरं केलं. एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या, पंधरा वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोन जावांचं. नव्या नाट्यगृहातच आधी करायचं म्हणून ठेवून दिलं. मी अधूनमधून जायचो. ते कमी बोलत, हसून मान डोलवत, मधेच म्हणत, परत बोल. माझे पुढचे दोन दात तेव्हा गेले होते. मला वाटायचं, माझंच बोलणं फुसकं झालंय.

आवाजाच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. टेम्पोचं दार, बायकांची खोली, सगळं कलमाबरहुकूम. पण जमीन सपाट. विचारलं तर म्हणाले, खुर्च्या हलवता आल्या पाहिजेत, लग्नसमारंभही घ्यावे लागतात, खर्च निघायला हवा. वर खोटं छत, खाली लाद्या, रंगमंचसुद्धा लाद्यांचा. माझं डोकं तापायला लागलं. मग म्हटलं, थांब, एकोणिसावं कलम आपल्याकडे आहे.

मास्तर शेवटच्या रांगेत बसले, डोळे किलकिले करून. मी शेजारी. रंगमंचावर धाकट्या जावेचं काम करणारी मुलगी उभी राहिली आणि त्या नाटकातला तिचा मोठा प्रवेश म्हणायला लागली. मला आवाज येत होता, शब्द येत नव्हते. एक शब्द छतापर्यंत जाऊन परत येईपर्यंत दुसरा निघालेला. मी मास्तरांकडे बघितलं. चेहरा शांत. ओठ हलत होते, मुलीच्या बरोबरीनं, नेमके. शेवटी तर डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या.

मला वाटलं, यांना सगळं ऐकू येतंय. माझेच कान पडद्यांच्या धुळीनं गेले असतील.

विनायकशेटनी पुढून हात करून विचारलं, मास्तर, कसं काय? समितीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. मास्तरांनी डोळे पूर्ण उघडले आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं. नाही म्हणावं तर त्यांचं डोळ्यातलं पाणी मी खोटं ठरवतोय असं मला वाटलं. मी मान हलवली.

मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "ऐकू आलं."

टाळ्या झाल्या. विनायकशेट पाया पडले.

उद्घाटनाच्या प्रयोगाला अर्थातच माईक टांगले होते. समिती म्हणाली, पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या सोयीसाठी. संध्याकाळचा प्रयोग, हॉल भरलेला. हलिमाबी काठी टेकत आली, सवयीनं दाराशी बसली. पहिला अंक अर्धा झाला असेल. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "शिवा, बाई तिकडं बोलते आणि आवाज हिकडच्या भिंतीतून येतो. मी बघू कोणाकडं?"

मध्यंतरात मास्तर म्हणाले, दमलो, घरी सोड. रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता. घर आलं तरी उतरेनात. म्हणाले, "शिवा, मागच्यांना कळत होतं ना?"

परीक्षेच्या दिवशीची मान मी विश्वासानं हलवली होती. या वेळी मला पक्कं माहीत होतं. तरी मी मान हलवली. त्यांचं वय, त्यांचा तो हात. मी काय करायला हवं होतं ते आज मला घरबसल्या कळतं. त्या रिक्षात कळलं नाही.

"मग झालं," ते म्हणाले आणि उतरले.

पुढच्या पौषात मास्तर गेले. त्याआधी दोन आठवडे मी रोज जात होतो. काही बोलत नसत, मी जवळ बसलेला त्यांना चालायचं.

महिन्याभरानं माईंनी मला बोलावलं. मास्तरांच्या कपाटातलं सामान काढलं होतं, लाल शाईच्या बाटल्या माझ्यासाठी ठेवल्या होत्या. त्यात एक छोटा डबा होता. उघडला तर कानाचं मशीन, कागदाच्या गुंडाळीतून न निघालेलं. मी विचारलं, हे कोणाचं?

"ह्यांचंच. घातलंन्‌ नाही कधी."

मास्तरांना ऐकू येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. एक कान पूर्ण गेला होता, दुसरा जाता जाता राहिला होता. माई म्हणाल्या, कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. तुला तर मुळीच नाही. मी म्हटलं, मला का नाही? माई म्हणाल्या, "म्हणाले, शिवा सगळ्या जगावर ओरडतो, माझ्याशी तेवढा हळू बोलतो. त्याला कळलं तर माझ्यावरही ओरडायला लागेल."

मी डबा बंद केला. मग विचारलं, परीक्षेच्या दिवशी घरी येऊन काय म्हणाले होते.

"म्हणाले, मला एक अक्षर आलं नाही. पोरीचे ओठ बघून मी आपला मनात म्हणत होतो. पण शिवानं मान हलवलीन्‌, म्हणजे पोचतंय. आता माझे कान गेले तरी चालतील."

मी त्यांच्या चेहऱ्यावर विसंबलो आणि ते माझ्या मानेवर. त्या शेवटच्या रांगेत ऐकलं कोणीच नाही.

निघताना सहज म्हणून विचारलं, हे मशीन आणलं कोणी? माई म्हणाल्या, "विनायकनं. मीच त्याला सांगितलं होतं, ह्यांचाच विद्यार्थी म्हणून. मुंबईहून आणून दिलंन्‌. तू सहीचा कागद घेऊन आलास ना, त्याच्या आदल्या गणपतीत."

आदल्या गणपतीत. म्हणजे एकोणिसावं कलम सुचवलं त्याच्या आधी. मास्तरांना ऐकू येत नाही हे माहीत असलेला समितीतला एकच माणूस होता आणि त्यानंच ऐकण्याचा निवाडा मास्तरांवर सोपवला. मी भाव करण्यात मुरलेला माणूस. इतका साफ सौदा मी जन्मात बघितला नाही.

मी विनायकशेटकडे गेलो. ओरडलो, हे वेगळं सांगायला नको. ते शांतपणे म्हणाले, मास्तरांनी स्वतः सांगितलं ऐकू आलं, आणि शेजारी तर तुम्हीच होता. हे खरं आहे. या एका वाक्यापुढे माझा आवाज बंद झाला, आणि वर्षभर बंद राहिला. त्या वर्षात त्यांनी नाट्यगृहाच्या दारात संगमरवरी पाटी लावली. तिच्यावर मास्तरांचं नाव आहे आणि खाली लिहिलं आहे की या सभागृहाचा आवाज त्यांनी स्वतः ऐकून पसंत केला. आईला शेवटच्या रांगेत ऐकू आलं नाही म्हणून ज्या माणसानं जन्मभर आपलीच वाक्यं कापली, त्याच्या नावावर हे.

माझ्या वाट्याचं उत्तर मी वर दिलं आहे. दोनदा मान हलवली, दोन्ही वेळा खोटी. एकदा न कळून, एकदा कळून. कोणी मला काही म्हणालं तर मी भांडणार नाही.

आता तुमचं, विनायकशेट. छताचं, लाद्यांचं, लग्नांचं मी विचारत नाही. एवढंच सांगा, ज्या माणसाच्या कानाचं मशीन तुम्ही स्वतःच्या हातानं आणून दिलंत, त्याला शेवटच्या रांगेत ऐकायला का बसवलंत? उत्तर मला नको, वर्तमानपत्रालाही नको. माई घरीच असतात, दुपारी चहाच्या वेळेला दार उघडं असतं. तुम्हाला त्या अजून विनायकच म्हणतात. तिथे जाऊन, त्यांच्यासमोर बसून, द्या.